विसरभोळी सीडी

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी फुईचा फोन आला, की तिचा कॉम्प्युटर उठत नाहीये. योगराज तेव्हा सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या एका साडीच्या गोदामात शिडीवर चढून कॅमेरा बसवत होता. फुई म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण, उषाबाई. खान्देशात आत्याला फुई म्हणतात आणि सुरतेचे गुजराती शेजारी फोई म्हणतात, त्यामुळे लग्न होऊन इथे आल्यावर निदान हे एक नातं तरी तिला कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. उठत नाही म्हणजे नक्की काय होतंय, असं योगराजने विचारलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात आणि एक रेघ नुसती डोळे मिचकावत बसते, असं तिने सांगितलं. सीडी गेली, हे त्याने शिडीवरूनच ओळखलं.

संध्याकाळी जाऊन त्याने सीडी बाहेर काढली आणि उजेडात धरली. तिच्यावर इतके ओरखडे होते, की जणू कुणी त्या सीडीनेच भांडी घासली असावीत. झालं होतं ते असं. सुरतेत लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर काम करणाऱ्यांच्या घरी दसऱ्याला मशीनची पूजा चुकत नाही. फुईचे यजमान दगा फुवा हयात होते तेव्हा ते कारखान्यात लूमला हार घालायचे आणि फुई घरी शिलाई मशीन, मिक्सर आणि कॉम्प्युटर या तिघांना हळदकुंकू वाहायची. कॉम्प्युटरचा जीव सीडीत आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून दर दसऱ्याला ती सीडी बाहेर काढून पाटावर ठेवायची. आता सीडीची एक बाजू छापलेली आणि दुसरी आरशासारखी. ज्या बाजूला आपलं तोंड दिसतं तेच तिचं तोंड, असा फुईचा सरळ हिशेब. तिथे हळद, कुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी ते सगळं तांदळाच्या दाण्यांसकट पदराने खसाखसा पुसायचं आणि सीडी परत आत सारायची. इतके दसरे त्या सीडीने हे सोसलं, हेच नवल.

योगराजला हसू आवरेना. मशीन हीच बाजू वाचतं, तू नेमकी तीच घासत आलीस, असं त्याने तिला सांगितलं. तोंडालाच तर कुंकू लावतात, पाठीला कोण लावतं, असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. तो म्हणाला की तुला एक चांगला टॅबलेट आणून देतो, त्यावर बोटाने चित्रं काढ. ते तिने आधीच करून पाहिलं होतं, नातवाच्या मोबाइलवर. बोटाने काढायला गेलं की जे काढायचं तेच बोटाखाली झाकतं, असं तिचं म्हणणं. तिला तिचा माउस हवा होता, तिचा कॉम्प्युटर आणि तिची सीडी. नवीन आणू नको, हीच बरी कर, असं तिने दोनदा बजावलं.

हीच बरी कर म्हणणं सोपं आहे. पण ती सीडी बाजारातली नव्हती. योगराजने आणि त्याचा दोस्त किसनने मिळून ती बनवली होती, त्याला आता वीसएक वर्षं होत आली.

त्या काळात रिंग रोडच्या कापड मार्केटातून जुने कॉम्प्युटर ढिगाने भंगारात निघत. पण व्यापारी हुशार. डबा भंगारवाल्याला देण्याआधी आतली हार्ड डिस्क ते काढून घ्यायचे, कारण त्यांचे दाखवायचे आणि न दाखवायचे दोन्ही हिशेब तिच्यातच असायचे. हार्ड डिस्क नाही म्हणजे मशीनला स्वतःची आठवण नाही. असले डबे कोण घेणार? योगराज आणि किसनने घेतले. दोघं कॉलेजात होते, खिसे रिकामे आणि डोक्यात वारं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून त्यांना लिनक्स या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा एक छोटासा अवतार सापडला होता. तो इतका हलका की अख्खा एका सीडीत मावून वर जागा उरायची. सीडी घालून मशीन सुरू केलं की तो स्वतःच मेमरीत उतरायचा आणि हार्ड डिस्क नसली तरी खुशाल काम करू द्यायचा. बंद केलं की झालं गेलं सगळं विसरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा, न्हाऊन माखून आल्यासारखा.

त्याहून भारी गोष्ट अशी की त्याला आपल्या मनासारखं सजवता यायचं. नको ते प्रोग्रॅम काढून टाकायचे, हवे ते घालायचे, मराठी अक्षरं बसवायची, मागचं चित्र बदलायचं, आणि सगळं मनाजोगतं झालं की एक आज्ञा द्यायची. समोर जे मांडलंय ते सगळं आवळून बांधून त्याची नवी सीडी तयार. लिहिताना घाई केली की सीडी वाया जायची. अशा वाया गेलेल्या सीड्यांची चळत त्यांच्याकडे होती आणि ती पाहून योगराजचे वडील उखा रोज विचारायचे, की ही ताटं कुणाच्या लग्नासाठी जमवली आहेत?

भांडणं काय कमी झाली? किसन परभणीकडचा. बटणांची नावं पुस्तकातल्या मराठीत असावीत असा त्याचा हट्ट. योगराजला ती अहिराणीत हवी होती, कारण ज्यांना शिकवायचं होतं त्या सोसायटीतल्या खान्देशी पोरांच्या घरी तीच बोलली जायची. परभणीच्या पोरानं काय पाप केलं, असं किसन म्हणायचा आणि रुसून बसायचा. शेवटी जिंकली अहिराणी. चित्र काढायच्या प्रोग्रॅमवर ‘चित्तर काढ’ आलं आणि मशीन बंद करायच्या बटणावर ‘चाल, घर जाऊ’. मागच्या चित्रात तापी होती, खान्देशातली, पात्रात खडक उघडे पडलेली. गावची नदी आपल्या आधीच सुरतेला येऊन पोचलीय, असं तेव्हा सगळ्यांना त्या चित्राकडे बघून वाटायचं. सीडीचं नाव ठेवलं ‘आपली’.

सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीला लावून ते डबे मांडले आणि क्लास सुरू झाला. फुई तिच्या मुलाला, संदीपला, जेवायला बोलवायला यायची. एकदा ती आली ती त्याच्याच खुर्चीत टेकली, माउस हातात धरला आणि ‘चित्तर काढ’ उघडून बसली. रेघ वेडीवाकडी जात होती, पण ती उठेना. संदीपचं जेवण त्या दिवशी निवालं. नंतर ती रोज यायला लागली. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, हॉल कुणी भाड्याने घेतला, क्लास मोडला. डबे भंगारातून आले तसे भंगारात गेले. एक तेवढा फुईने ठेवून घेतला आणि तो तिच्या घरी कोपऱ्यात, शिलाई मशीनशेजारी जाऊन बसला.

ती काय काढते, हे कुणी कधी धड पाहिलं नव्हतं. दुपारी साड्यांचे धागे कापायचं काम आटोपलं की ती बसायची, आणि कुणी जवळ आलं की ‘चाल, घर जाऊ’ दाबून मोकळी व्हायची. ठेवलेलं काही नसायचंच, मग बघणार काय? म्हातारीचा विरंगुळा आहे, असं म्हणून सगळ्यांनी तो विषय सोडून दिला होता.

आता ‘आपली’ची दुसरी प्रत शोधणं आलं. तेव्हा पोरांना कितीतरी प्रती वाटल्या होत्या, एखादी मिळेलच, असं योगराजला वाटलं. मिळाल्याही, पण कुठे? बाल्कन्यांत दोऱ्याने लटकलेल्या, कबुतरं बसू नयेत म्हणून. एक रिक्षाच्या आरशाला टांगलेली होती आणि एकीवर कुणाच्या घरी चहाचे कप ठेवले जात होते. उन्हाने सगळ्यांचे रंग उडालेले, एकही मशीनने वाचली नाही. कोरी सीडी मागायला तो दुकानात गेला तर काउंटरवरच्या पोराने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस कंदिलाची काच मागतोय. योगराजला चाळिशीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदाच आपण म्हातारे झालो असं वाटलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

शेवटी त्याने किसनला फोन लावला. किसनचं आता सुरतेबाहेर कामरेजला शेतीच्या पंपांचं आणि मोटारींचं दुकान होतं. वर्षातून एकदा दिवाळीचे निरोप सोडले तर दोघांचं बोलणं नसायचं. योगराजने अडचण सांगितली. किसन म्हणाला, की रविवारी ये, माझ्याकडे एक आहे.

ती एक त्याने बिस्किटांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटरही होता, सीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हसकट. पंपाच्या खोक्यांवर बसून त्यांनी सीडी आत घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि पडद्यावर तापी उघडली. योगराजला एकदम त्या हॉलचा वास आला, ओल्या भिंतीचा आणि गरम झालेल्या वायरींचा. तेव्हा आपल्याला काय वाटायचं, की या सीडीने दुनिया पालटेल! दुनिया पालटली, पण सीडीला न विचारता. किसनने ‘चाल, घर जाऊ’वर बाण नेला आणि म्हणाला, की हे मात्र तुझं बरोबर होतं लेका, हे पुस्तकातल्या भाषेत मेलं असतं.

जशी होती तशी तिची प्रत काढली असती तर अर्ध्या तासात काम संपलं असतं आणि ही गोष्टही. पण कॉम्प्युटरवाल्याच्या हातात काही आलं आणि त्याने सुधारणा केली नाही, असं होत नाही. योगराजच्या मनात आलं, की बिचारी फुई इतकी वर्षं चित्रं काढते आणि सगळी वाऱ्यावर. तेव्हा आपल्याला जमलं नव्हतं, आता जमतं. त्याने चार ओळी लिहून सीडीत घातल्या. मशीन बंद करताना समोर जे चित्र असेल ते पेन ड्राइव्हवर आपोआप जाऊन बसायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘चित्तर काढ’ दाबलं की तेच पुढे उघडायचं. फुईने काहीच करायचं नाही.

“आहे तशी दे की,” किसन म्हणाला. “म्हातारीनं तक्रार केली होती का?”

तक्रार करायला तिला माहीत तरी असायला हवं ना, असं योगराजचं उत्तर. सगळं मांडून झाल्यावर त्याने आज्ञा दिली, नवी ‘आपली’ बांधली, आणि संथ वेगाने लिहून काढली. सीडी वाया गेली नाही. तो इतका खूश होता, की परतताना हायवेवर गाणी म्हणत आला.

फुईकडे मशीन सुरू झालं. तापी दिसली तशी तिने पडद्याला हात जोडले आणि योगराजच्या तोंडात साखर घातली. पेन ड्राइव्ह त्याने मागच्या बाजूला खोचून दिला आणि सांगितलं, की आता तुझं चित्र कुठे जाणार नाही. तिला ते कळलं की नाही कोण जाणे, कारण ती तेव्हा माउस पुसत होती.

आठवडाभराने संदीपच्या बायकोचा, दिपालीचा फोन आला. आत्या काही बसत नाहीत हो कॉम्प्युटरवर, ती सासूबद्दल म्हणाली. पहिल्या दिवशी बसल्या, दुसऱ्या दिवसापासून रोज नुसता सुरू करायच्या आणि तशाच बघत राहायच्या. परवापासून त्यावर साडी टाकून ठेवली आहे. जेवणही धड नाही. दिपालीला वाटत होतं, की चित्र तर छान आलंय. कुणी एक बाई आहे. तिने ते शेजारणींना दाखवलं, आणि संदीप म्हणाला की याचा मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावू, आईने काढलंय म्हणून. तर आत्यांनी ताटावरून उठून जाऊन मशीनची वायरच काढली.

योगराज गेला तेव्हा फुई झाकलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती, हात मांडीवर. त्याने साडी बाजूला केली, वायर लावली, ‘चित्तर काढ’ उघडलं. पडद्यावर एक बाई होती. मधोमध भांग, कपाळावर मोठं कुंकू, नाकात काहीतरी गोल. एक डोळा दुसऱ्याहून मोठा, आणि हनुवटीची रेघ अर्ध्यावर सुटलेली. लहान मुलाने काढावी तशी, आणि तरी ती कुणीतरी होती.

कोण ही, त्याने विचारलं. फुई तिकडे न बघता म्हणाली, तुनी आजी.

मग ती बोलली, हळूहळू, अहिराणीत, मधेच थांबत. तिची माय गेली तेव्हा ती फ्रॉकातली पोर होती आणि योगराजचे वडील उखा रांगत होते. तापाचं निमित्त झालं. त्या वेळी गावात फोटो काढणार कोण? घरातला पहिला फोटो फुईच्या लग्नातला, आणि त्यात माय नव्हती. उखाला माय आठवत नव्हतीच. घरात तो चेहरा एकट्या फुईच्या डोळ्यांत उरला होता आणि वयाबरोबर तोही पुसट होत चालला होता. म्हणून ती रोज काढायची. कधी कपाळ जमायचं, कधी गाल. सगळी माय एका दिवशी कधीच यायची नाही. नाही जमली की बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी पान कोरं, आणि डोळे मिटले की माय जागेवर, जशी होती तशी. मग पुन्हा काढायची.

“हाई माय नही शे,” पडद्याकडे बोट करून ती म्हणाली. “पन रोज हाईच समोर बठेल शे. आते डोया मिटा का हाईच दिखस. मनी माय कोठे गयी?”

एवढं साधं आपल्या डोक्यात कसं आलं नाही? मी आत्ता पुसून टाकतो, असं म्हणत योगराजने माउस धरला. फुईने त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्याने ते चार दिवसांत झालं नव्हतं. चुकीची का होईना, तिने माय म्हणूनच काढली होती.

“मायले मीच कशी पुसू?” ती म्हणाली. “आनि तू बी मना समोर नको पुसू.”

आधी बटण दाबलं की सीडी विसरून जायची, आणि विसरण्याचं पाप कुणाच्याच माथी येत नव्हतं. हे योगराजला त्या खोलीत बसल्या बसल्या उमजलं. त्याने सीडी आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामरेजला गेला. किसनने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. योगराजने स्वतःच्या हुशारीच्या चारही ओळी काढून टाकल्या आणि वीस वर्षांपूर्वीची ‘आपली’ होती तशी पुन्हा बांधली, तिच्या विसरण्यासकट. दोन प्रती काढल्या, एक वापरायला आणि एक दसऱ्याला कुंकू लावायला.

फुईने मशीन सुरू केलं, चित्राचं पान उघडलं. पांढरं स्वच्छ. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. योगराज मागे उभा होता. दिसली का, असं विचारायचा त्याला धीर होईना. शेवटी तिने माउस धरला आणि पानाच्या मधोमध, वरून खाली, भांगाची एक रेघ ओढली. थांबली. थोडी येस, माय थोडी येतेय, असं ती स्वतःशीच म्हणाली.

निघताना तो चपला घालत होता. घरी गेल्यावर पेन ड्राइव्हवरचं चित्र पुसून टाकतो, तू काळजी करू नको, असं त्याने तिला सांगितलं. तिने मान वळवली नाही. माउस सोडला नाही.

“ठेव तू,” ती म्हणाली. “तू तिले कधी दखेल नही, तुले चाली जाई. माले नही चालस.”

घरी येऊन त्याने ते चित्र उघडलं. आजी या शब्दामागे त्याच्या मनात आजवर काहीच नव्हतं, आणि वडील गेले तेव्हा माय या शब्दामागे त्यांच्याही मनात काही नव्हतं. त्याने बंद केलं, पुन्हा उघडलं. पुसायचं म्हणून दोनदा बाण तिथवर नेला आणि मागे घेतला. एक डोळा मोठा, हनुवटी अर्धी, मोठ्या कुंकवाची ती बाई आता त्याच्या आठवणीत येऊन बसली आहे आणि हलत नाही. ती आपली आजी नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तिच्यावर त्याचा जीव जडला आहे.